शंभर ऑक्टेनचं गवत

५ जुलै, शनिवार
समोरच्या अश्विनने ग्रास कटर आणला. पेट्रोलवरचा. खांद्याला पट्टा, डोळ्यांना चष्मा, पायात बूट. पुण्याहून इंदूरला येऊन वर्ष झालं नाही, आणि कॉलनीच्या बगीच्यात सरळ घुसला. विचारलंसुद्धा नाही. फाटकावर स्पष्ट बोर्ड आहे : बगीचा प्रमुख, लक्ष्मीकांत बोधनकर. रंग उडालाय, पण वाचता येतं.
बायको, वसुधा, खिडकीतून बघत होती. म्हणाली, किती पटापट कापतात, आणि मराठी किती शुद्ध बोलतात! गवत कापायला शुद्ध मराठी कशाला लागतं?
मला त्याच्याबद्दल काहीही वाटत नाही.

६ जुलै, रविवार
निश्चय : कटर घ्यायचा. पुढच्या महिन्यात वॉर्डातल्या बगीच्यांची स्पर्धा. परीक्षकांसमोर तो पट्टा लावून उभा राहणार आणि मी कैची घेऊन? जमणार नाही. शिवाय मी सांवेर रोडला पंपांच्या फॅक्टरीत आहे. अकाउंट्समध्ये, पण मशीनचं बोलणं कानावर पडतंच.

१२ जुलै, शनिवार
सियागंजच्या बाजारातून घेतला. अश्विनच्यापेक्षा हलका, आवाज दुप्पट. दुकानदार म्हणाला, भिया, टू-स्ट्रोक है, पेट्रोलमें ऑइल मिलाना पड़ेगा, भूलना मत. बाटलीही दिली.
वसुधाने विचारलं, अश्विनजींचा फोर-स्ट्रोक आहे ना, मग आपला टू का? म्हटलं, दोनात होत असेल तर चार कशाला. उठून आत गेली. पटलं असावं.

१३ जुलै, रविवार, सकाळी
गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होतो. (पाऊस चालू होता, पण तो मुद्दा वेगळा.) तिथून अश्विनचं अंगण नीट दिसतं. त्याने टाकीत नुसतं पेट्रोल ओतलं. ऑइल नाही. थेंबसुद्धा नाही.
म्हणजे हे त्याचं गुपित! तो घालत नाही, तर मी का घालू? दुकानदारांना बाटल्या खपवायच्याच असतात. बाटली चपलांच्या कपाटात ठेवली.

१४ जुलै, सोमवार
मोठा शोध. पंपावर दोन पेट्रोलं असतात. साधं एक्क्याण्णव ऑक्टेन, महागातलं शंभर. अश्विन साधं आणतो, हे मला माहीत आहे. कसं माहीत आहे ते लिहिण्याची गरज नाही.
लोखंडी डब्यात शंभरवालं आणलं. नऊ ऑक्टेनने मी पुढे. जोर जास्त, इंजिन थंड. इतक्या शुद्ध पेट्रोलात ऑइल मिसळणं म्हणजे श्रीखंडाला फोडणी देणं.

१९ जुलै, शनिवार
पहिला प्रयोग. यशस्वी! धूर जवळजवळ नाहीच. शुद्धता म्हणतात ती हीच. पाच मिनिटांत पाऊस आला म्हणून थांबलो.
अश्विन छत्री घेऊन आला. शंभर ऑक्टेनचं मीच सांगितलं, सहज. तर म्हणे, ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. इंजिनात पेट्रोल दाबलं जातं, तेव्हा ते वेळेआधी आपोआप पेटू नये, यासाठीची सहनशक्ती, एवढंच. आपली छोटी इंजिनं तेवढी दाबतच नाहीत. एक्क्याण्णव घाला की शंभर, जोर तोच, गरमी तीच. मग विचारलं, ऑइल किती घालता? मी नुसता हसलो. आपलं गुपित आपल्यापाशी.
पोटात दुखतंय बिचाऱ्याच्या. हेवा फार वाईट. माणसाला झोप लागू देत नाही. मला कालही लागली नाही, पण ती डासांमुळे.

२० जुलै, रविवार
विज्ञान. कोरोनातली कपाळाला लावायची ताप मोजायची गन सापडली. दोन मिनिटं कटर चालवून इंजिनाला लावली. आकडा येईना, पडद्यावर नुसतं इंग्रजीतलं हाय. अश्विन पाणी प्यायला आत गेला, तेव्हा त्याच्या इंजिनालाही लावून आलो. तेही हाय.
निष्कर्ष : त्याचं जास्त हाय असणार.

२६ जुलै, शनिवार
समितीची मीटिंग. अध्यक्ष सरोजिनीताई म्हणाल्या, ऐसा करते हैं, आधा बगीचा लक्ष्मीकांतजी, आधा अश्विनजी. ज्याचा चांगला दिसेल, पुढे तोच प्रमुख. टेंशन नका घेऊ, भिया.
अकरा वर्षं बगीचा मी बघतोय. उन्हाळ्यात पाण्याचा पाइप घरून ओढून आणलाय. टेंशन नका घेऊ म्हणे!
घरी वसुधा म्हणाली, अश्विनजी जिंकले तरी काय बिघडतं. बिघडतं.

३ ऑगस्ट, रविवार, दुपारी
परीक्षक नऊला येणार होते. सातला दोघांनी सुरू केलं. मी पुढे होतो. आवाज हळूहळू बारीक आणि चढा होत गेला. वाटलं, ऑक्टेन बोलतंय. वसुधाकडे बघून हातही केला.
मग एकदम शांत. दोरी ओढली, हलेना. दोन्ही हातांनी ओढली, मीच गवतात बसलो. सायलेन्सरला हात लागून पोळला.
अश्विन स्वतःचं बंद करून धावत आला. ऑइल किती घातलं होतं? म्हटलं, तुम्ही घालत नाही म्हणून मीही नाही. तो म्हणाला, माझ्या इंजिनात ऑइल वेगळं, खाली भरलेलं असतं. तुमच्यात पेट्रोलमधूनच जातं. मग विचारलं, पण मी घालत नाही हे तुम्हाला कसं कळलं?
मी आभाळाकडे बघितलं. वसुधाने आमच्या गच्चीकडे.
माझा अर्धा त्यानेच कापला. परीक्षक फार खूश.

५ ऑगस्ट, मंगळवार
मिस्त्री म्हणाला, भिया, पिस्टन जाम हो गया, इसमें कुछ बचा नहीं. पेट्रोल शंभरचं होतं, हे मी त्याला सांगितलं. त्याने उरलेलं पेट्रोल घरी नेऊ का विचारलं.
कपाळाला गन लावली. नॉर्मल. मग आत एवढं कशाने पेटलंय?

१० ऑगस्ट, रविवार
वॉर्डात दुसरा नंबर. बोर्ड नव्याने रंगवलाय. नाव माझंच! सकाळी दोनदा जाऊन वाचून आलो. शेवटी कामाची कदर होते.
चहाच्या वेळी वसुधाने सांगितलं. बगीचा अश्विनजीच बघणार. नाव बदलू नका, हे त्यांनीच समितीला म्हटलं. राहू द्या, काकांना बरं वाटेल.
काका. तो चाळीसचा, मी जेमतेम अठ्ठेचाळीस.
मलाही काम दिलंय. त्याच्या कटरचं पेट्रोल आणायचं. संध्याकाळी डबा घेऊन पंपावर गेलो. पंपवाल्याने ओळखलं, म्हणाला, सौ वाला ना, भिया?
साधं दे, म्हटलं. इतकं हळू म्हटलं की त्याला पुन्हा विचारावं लागलं.