कानशीनं घासलेलं नाव

मी, त्रिंबक मुंजाबा बिडगर, वय ६१, धंदा लाकडी धनुष्यं करणं, राहणार हर्सूल, औरंगाबाद, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहून ठेवतो. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. कुणाच्या धाकानं लिहीत नाही. धाकानं मी एकदा काय केलं ते खाली लिहिलं आहे.

१. राहतं घर बायको बानाबाईचं. तिच्या हयातीत वाटणीचा विषय कुणी काढू नये. तिच्यामागं घर मुलगा भिकन याचं. तो वाळूजला कारखान्यात आहे. "अण्णा, लाकूड घासत बसाया मला येळ नाय," असं तोच म्हणाला, तेव्हा पुढच्या कलमावर त्यानं कुरकुर करू नये.

२. दुकान आणि सगळी हत्यारं आशा सांडू मगरे हिला. तिचा बाप सांडू माझा भागीदार. मी मेंढरामागून उठून आलेला गडी, धामणीच्या लाकडाचं धनुष्य करायला त्यानंच शिकवलं.

३. आशा, लाकडाची कानस स्वतः निवडून घे. दुकानदार सगळ्यात खरखरीत पुढं करील, भुलू नको. उजेडाला तिरपी धर. दाते सरळ ओळीत दिसले तर परत ठेव. ती लाकडात रेघा पाडते आणि धनुष्य ओढलं की नेमकं रेघेवर मोडतं. हातानं पाडलेले दाते मागंपुढं असतात, ते लाकूड सारखं खातात. एक बाजू सपाट, एक फुगीर हवी. मुठीची खोलगट जागा फुगीर बाजूनंच घास. हे माझं शहाणपण नव्हे, तुझ्या बापाचं.

४. सरळ दात्यांची एक कानस मी हट्टानं आणली होती. तिनं सहा धनुष्यं मोडली. ती मेहुणा बद्रीनाथ याला द्यावी. दुसरं काही देऊ नये.

५. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि सगळीकडं पेटलं. बद्रीनाथ चारजण घेऊन दुकानात आला. "पाटीवरचं सांडूचं नाव काढ, नायतर दुकान ठेवत नाय." पाटीवर 'बिडगर-मगरे' असं होतं. मी कानस उचलली आणि 'मगरे' घासून काढलं. सांडू दारात उभा होता. तो बौद्ध, मी धनगर, हे मला कधी आठवावं लागलं नव्हतं. त्याला रोज लागत असणार. तो दारातूनच माघारी फिरला. मला लाज वाटते, अजून वाटते.

६. यंदा संक्रांतीला विद्यापीठाला नाव लागलं. दुसऱ्या दिवशी मी सांडूकडं गेलो, दुकान आशाला देतो म्हणालो. तो म्हणाला, "त्रिंबक्या, मेल्यावर देणार व्हय? मंग मी तुझ्या मरणाची वाट बघू का? पोरगी घेईल दुकान. पर माझं नाव तू जिता असताना लाव. त्याबिगर मी साक्षीला येणार नाय."

म्हणून हे कलम माझ्या मरणासाठी थांबत नाही. आज सकाळी नवी पाटी लावली, अक्षरं मीच कोरली, 'मगरे' आधी. सांडूला निरोप धाडला आहे. दुसऱ्या साक्षीदाराची जागा त्याची. तो आला नाही तर ती कोरी ठेवावी. वकील म्हणतात, मग मृत्युपत्र चालणार नाही. न चालो.

हर्सूल, दि. २० फेब्रुवारी १९९४
सही: त्रिंबक मुंजाबा बिडगर

साक्षीदार:
१. लीलाबाई पुंजाराम काळे, शेजारीण (अंगठा)
२. सांडू रामजी मगरे. पाटी वाचली. 'मगरे' वाकडं कोरलंय. उद्या येऊन सरळ करतो.