क्लॅरिनेट बंद करण्याआधीची निरवानिरव

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा सुतारकाम, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही आणि मला कोणी फूस लावलेली नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण गरज वाटली नव्हती.

१. राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि मी केलेलं फर्निचर पत्नीच्या नावे, तिच्या पश्चात लेकीला. पलंगाचा पाय करकरतो. जावयाने तिथे खिळा ठोकू नये, पाचर लागते.

२. रंधे आणि पटाश्या माझ्या कारखान्यातल्या जोडीदाराला. मोठी करवत मात्र पत्नीच्या भावाला. लेकीच्या लग्नात तो चारचौघांत म्हणाला होता, "आमचे भाऊजी काम घरी आणतात, रात्रभर करवत चालते." सगळे हसले, माझी पत्नी सोडून.

३. मी घोरायचो, ती गाढ झोपायची. पण मला दिवसा रंधा हातात धरून डुलक्या येऊ लागल्या. झोपेत श्वास अडकतो, असं डॉक्टरांनी शोधून काढलं. मुखवट्याचं यंत्र मला सोसेना. "मग फुंकायचं वाद्य शिका," ते म्हणाले, "घशाचे ढिले स्नायू घट्ट होतील." बँडमधल्या एका निवृत्त वादकाने क्लॅरिनेट शिकवलं. वरच्या मजल्यावरचे मास्तर जिन्यात म्हणाले, "गाढवाचा गळा आवळताय का?" मी त्यांच्याकडे कापसाचं पुडकं धाडून दिलं. तो हिशेब मिटला.

रोज वाजवलं आणि घोरणं खरोखर थांबलं. मी तोऱ्यात होतो. पत्नीचे डोळे मात्र सुजू लागले. "अहो, आवाजच येत नाही. सारखी नाकाशी बोट धरून बघते, आहात की गेलात." शेवटी ती लेकीकडे राहायला गेली. तिथे पलीकडच्या खोलीत जावई घोरतो आणि हिला छान झोप लागते. जावयावर मी इतका कधी जळलो नव्हतो. घर खायला उठतं. चहा अजून दोघांचा टाकला जातो.

४. म्हणून क्लॅरिनेट आजपासून बंद. ते वादकाला देऊनही टाकलं. काल फोनवर पत्नीला आगाऊच सांगितलं, "पुन्हा घोरायला लागलोय."

"खरं?" तिचा आवाज एकदम खुलला. "मग येतेच मी सोमवारी."

वाजवणं सोडलं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. हे मृत्युपत्र त्यासाठीच. त्यांना हे कलम दाखवू नये, घर डोक्यावर घेतील.

५. जिवावर बेतलंच, तर त्या रात्री तिला जाग कशी आली नाही, असं तिला कोणीही विचारू नये. ती गाढ झोपलेली असेल. मला तेच हवं होतं.

स्थळ: राहतं घर. दिनांक: ४ मार्च, शनिवार.
सही: सुतार

साक्षीदार:
१. बँडवादक. सही केली, पण मनाविरुद्ध.
२. वरच्या मजल्यावरचे मास्तर. मला झोप कमीच लागते आणि वर सगळं ऐकू येतं. घोरणं मध्येच थांबलं की मी खाली येऊन दार ठोठावीन.