पोर्तूला उतार आहे

पोर्तू, १२ सप्टेंबर

चि. आदेरितू यास आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू ‘बरं, बरं’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून कागदच बरा. अकरा नोव्हेंबरला, सां मार्तिन्यूच्या चेस्टनट भाजायच्या सणाला, मला ऐंशी पूर्ण होतील. त्या दिवशी तू इथे हवास, एवढंच मागणं.

पूर्वी तू लक्झेंबर्गहून गाडी हाकत दोन दिवसांनी पोचायचास, कंबर धरून उतरायचास, पण दर ऑगस्टला यायचास. विमान सुरू झालं आणि चार वर्षं तुझा पत्ता नाही. शेजारच्या ग्राझिएलाने वेळापत्रक काढून दिलंय. तिथून दहाला निघालं की अकरा पस्तीसला इथे. जेमतेम दीड तास! परत जायला मात्र साडेतीन. म्हणजे घराकडे उतार आहे आणि तिकडे चढ, हे विमानालासुद्धा कळतं.

लोभ आहेच, दर्शनही घडावे.

तुझी आई
देओलिंदा

लक्झेंबर्ग, २५ सप्टेंबर

ती. आईस सा. न. वि. वि.

आई, विमानाला चढ-उतार नसतो गं. तुमचं घड्याळ आमच्यापेक्षा तासभर मागे आहे, म्हणून तसं दिसतं. अंतर पंधराशे किलोमीटर, वेळ दोन तास पस्तीस मिनिटं. येताना तेवढीच, जाताना तेवढीच.

इतकं जवळ असल्यावर काय, केव्हाही येता येईल! अकरालाच यायचा हट्ट नको. त्या दिवशी साइटवर स्लॅब आहे. त्यापेक्षा तूच ये ना चार दिवस.

रागावू नकोस, माया असू दे.

तुझा आदेरितू

लक्झेंबर्ग, १९ ऑक्टोबर

चि. आदेरितूस आशीर्वाद.

तुझ्याच स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. तू म्हणालास ये, मी आले. ग्राझिएलाने विमानात बसवून दिलं. भीती वाटली, पण ती तुला सांगायला वेळ मिळाला नाही.

आज चौथा दिवस. विमानतळावरून घरी अर्धा तास, त्यात निम्मा तू फोनवर. तीन वेळचं सूप, दोनदा उभ्यानेच. रविवारी तू झोपलास. झोपू दिलं, दमतोस रे. सगळं जमेस धरलं तर मला तू दोन तास पस्तीस मिनिटं मिळालास. तू सांगितलेला आकडा अगदी बरोबर निघाला.

उद्या परत जाते. घड्याळ मी पोर्तूचंच ठेवलंय. सूप भांड्यात आहे, पत्र पावाच्या डब्यात ठेवते.

तब्येत सांभाळ, आठवण ठेव.

आई

लक्झेंबर्ग, २६ ऑक्टोबर

ती. आईस सा. न.

तुझं पत्र आज सापडलं. म्हणजे पावाचा डबा मी सहा दिवसांनी उघडला, हेही तुला कळलंच. हिशेब पुन्हा केला. दहा मिनिटं तू माझ्या बाजूने जास्तच धरलीस. लाज वाटली, आई.

स्लॅब दुसऱ्यावर सोपवला आहे. चेस्टनट एकटी भाजू नकोस, सालं मी सोलीन. अकरा तारखेला इथून दहा वाजता निघतो, अकरा पस्तीसला पोचतो.

दीड तासच लागतो. तुझं बरोबर होतं, उतार आहे.

तुझा
आदेरितू