नंबर नसलेला चष्मा

अण्णा, परवा रविवारी मी एक चष्मा हातात घेतला, आणि तुम्ही तो बघितला असता तर काय म्हणाला असता हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही. केजला तुमच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. तुमचा आरसाही कुठे गेला माहीत नाही. दुकान अरुंद म्हणून तुम्ही अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगायचात आणि त्याला समोरच्या आरशात वाचायला लावायचात. बाजाराच्या दिवशी बाकावर जागा नसायची. मेंढरं बाहेर मुलाच्या हवाली करून आलेला म्हातारा धनगर ती जड, गोल चाचणीची फ्रेम नाकावर घेऊन बसलेला आहे, तुम्ही एकेक काच आत सोडता आहात आणि विचारता आहात, "आता? आन् आता?" मी, तुमची लेक, शाळेच्या सुट्टीत आलेली, औरंगाबादच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी इस्त्री केल्यासारखी करून पाठवलेली, गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून तुमच्या काचा पुसते आहे.

माझ्या भाचीला बघायला पाव्हणे आले होते, म्हणून मी परळीहून भावाकडे गेले होते. मुलगा पुण्यात कंपनीत आहे. वडील शेती बघतात, आजोबा मेंढपाळ होते. मुलगा दिसायला चांगला, बोलायला मऊ. पण मला तो बसल्यापासून खटकत होता. प्रश्न विचारला की उत्तर क्षणभर उशिरा यायचं, आणि तो उशीर विचार करणाऱ्याचा नव्हता. नजर आपल्याकडे असायची पण आपल्यावर नसायची, आपल्या अलीकडे कुठेतरी हवेत थांबायची. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघा, हे सिस्टरांनी आम्हाला पट्टीने शिकवलं होतं, त्यामुळे न बघणारा माणूस मला लगेच कळतो. मग मी त्याच्या चष्म्याकडे नीट बघितलं. काड्या नको इतक्या जाड. आणि काचेतून दिसणारी गालाची कड एका रेषेत, जराही आत सरकलेली नाही, बाहेर नाही. तुम्हीच शिकवलं होतं, उणे नंबर असेल तर कड आत सरकते, अधिक असेल तर बाहेर. इथे काहीच नव्हतं. चष्म्याला नंबर नव्हता.

तुम्हाला तो पोरगा आठवतो का, मुलगी बघायला जायच्या आदल्या दिवशी आलेला? नंबर नको, नुसती काच बसवून द्या, जरा शिकल्यासारखं दिसतं, म्हणाला. मी फिस्सकन हसले. तुम्ही आधी माझ्याकडे असं बघितलंत की मी फडकं घेऊन खाली वाकले, आणि मग त्याला म्हणालात, "चष्मा बघायसाठी असतोय बाबा, दावायसाठी न्हाई." तो गेल्यावर मला म्हणालात की ज्याला नंबर न्हाई आन् चष्मा हाय, त्याला कायतरी दडवायचं असतंय, पण म्हणून हसायचं न्हाई. पहिला भाग मी आयुष्यभर लक्षात ठेवला. दुसरा मला तितकासा जमला नाही.

हे जाड काड्यांचे चष्मे कसले असतात ते मला माहीत आहे, घालणाऱ्याला काचेत अक्षरं दिसतात. निवृत्तीनंतर वाचायला वेळ आहे आणि संशय घ्यायची सवय नोकरीतलीच आहे. विमान चालवणाऱ्यांना खाली मान घालावी लागू नये म्हणून समोरच्या काचेवर आकडे दाखवायचे, तिथून हे सुरू झालं. मग ते डोक्यावर चढलं, एक भलंमोठं डबडंच होतं ते. मग एका डोळ्यापुढे काचेचा तुकडा आला, आणि लोक तो घालणाऱ्याला हसू लागले. त्यावरून या कारखानदारांनी काय शिकावं? यंत्र लपवायला शिकले. आता बॅटरी काडीत, अक्षरं काचेच्या पोटात, आणि पलीकडे बसलेल्याला पूर्वी जी हिरवी चमक दिसायची तीसुद्धा बुजवत आणली आहे. समोरच्याला कळणारही नाही, हीच त्याची जाहिरात. मी परळीच्या वीजकेंद्रात सगळी नोकरी मापकं तपासण्यात घालवली. तिथे काटे भिंतीवर होते. साहेबाला दिसायचं तेच हेल्परला दिसायचं, आणि काटा खोटं बोलत असेल तर कुणीही बोट दाखवू शकायचं. एकट्यालाच दिसणारा काटा तपासायचा कुणी?

तर माझी खात्री झाली की या मुलाला कुणीतरी उत्तरं पुरवतंय. मी सगळ्यांसमोर विचारलं, "चष्म्याचा नंबर किती तुमचा?"

त्याची आई घाईने म्हणाली, "लहानपणापसून हाय ओ ताई त्याला." भाऊ मला म्हणाला, "आक्का, कावून तरास द्यायलीस पाव्हण्याला?" मी म्हटलं त्रास कसला, काच मळलीय, द्या इकडे, पुसून देते, आमच्या घरचा धंदाच होता तो. नाही म्हणायला जागाच ठेवली नाही मी. त्याने चष्मा काढून दिला.

मी तो तुमच्यासारखाच हात लांब करून खिडकीच्या गजासमोर धरला आणि डावीकडे-उजवीकडे हलवला. गज जागचा हलला नाही. मग ओरखडे बघायला तुम्ही काच डोळ्याजवळ न्यायचात तशी नेली. अंगणातल्या लिंबाच्या झाडावर, दोन हातांवर टांगल्यासारखी, हिरवी अक्षरं होती. आमच्या घरचा धंदाच होता तो, हे माझंच वाक्य. त्याच्याखाली, मी बघत असतानाच, भावाचं वाक्य उमटलं, की पाव्हण्यांनी अजून काही घेतलंच नाही. भाऊ ते त्या मुलालाच म्हणत होता, त्याच्या डाव्या बाजूला बसून. मुलगा समोर बघत हसत होता. त्याला काही कळलं नव्हतं. भाचीने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

त्याला उत्तरं कुणी पुरवत नव्हतं, अण्णा. त्याला आमचे प्रश्न पुरवले जात होते.

मला आधी लाज वाटली आणि लगेच राग आला. ऐकू येत नाही हे लपवून लग्न जुळवायचं? माझ्या भाचीने पुढे जन्मभर बोलायचं ते कुणाशी, त्याच्याशी की त्याच्या काचेशी? मला ते तिथेच, मोठ्याने, सगळ्यांसमोर म्हणता आलं असतं, आणि तुम्हाला माझं तोंड माहीत आहे. पण तुम्ही फडक्याकडे बघायला लावलं होतंत ते आठवलं. मी खरोखर काच पुसली. उठून चष्मा त्याच्या हातात दिला, आणि तो घालत असताना वाकून, माझं मलाही ऐकू येणार नाही इतक्या हळू म्हणाले, "तुम्ही सांगता की मी सांगू?"

खोलीत कुणालाच ते ऐकू गेलं नाही. त्याने मात्र वाचलं. कानात सांगायची ही नवीच सोय आहे, आणि ती मी पहिल्याच दिवशी वापरली.

त्याने चष्मा पुन्हा काढला, घडी घातली आणि गुडघ्यावर ठेवला. सहावीत ताप आला होता, म्हणाला, तेव्हापासून डावा कान गेला, उजव्याने थोडं ऐकू येतं, समोर बसून बोललं तर. कानातलं यंत्र लावलं की लोक आधी यंत्राशी बोलतात, म्हणून हे. आई म्हणाली होती, आधी जमू दे. त्याच्या आईने पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "झालं का तुमच्या मनासारखं?" माझा भाऊ जमिनीकडे बघत होता.

भाची उठली, त्या मुलाच्या उजव्या बाजूला खुर्ची घेऊन बसली आणि म्हणाली, "मग मोठ्यानं बोलेन की. आमच्या घरात हळू बोलतंय कोण?"

आधी भाऊ हसला, मग मुलाचे वडील. तो मुलगा सगळ्यांत शेवटी हसला, पण या वेळी बरोबर ठिकाणी. भाचीने होकार दिला आहे. अट एकच, बाहेर काय हवं ते घाला, घरात तो चष्मा काढून ठेवायचा, ती समोर येऊन बोलेल. माझा संशय मात्र पुरता गेलेला नाही. निघताना मी त्याला विचारलंच, आम्ही बोललेलं अक्षरात कोण उतरवतं, कुठे? म्हणाला, "ते आपल्याला कळत नाही मॅडम, चष्म्याच्या कंपनीकडे जाऊन येतं." म्हणजे माझ्या भावाच्या बैठकीतलं बोलणं आधी कुठल्यातरी परक्या कानावर जाणार आणि मग नवऱ्या मुलाच्या डोळ्यावर. हे मला पसंत नाही, आणि मी तसं सांगून आले.

परतीच्या जीपमध्ये मात्र मी त्याच्यावर चिडलेली नव्हते. तुमच्यावर होते.

मी नववीत होते. मला फळा दिसेनासा झाला होता. तुमची बहीण म्हणाली होती की चष्मेवाली पोरगी कोण करून नेणार. तुम्ही मला स्टुलावरून उठवून आरशासमोर बसवलंत, आणि मी सगळा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड म्हणून दाखवला, कारण काचा पुसता पुसता तो मला पाठ झाला होता. तुम्ही "बरं" म्हणालात. माझ्यानंतर हायस्कूलचे एक मास्तर बसले आणि त्यांनी त्याच ओळी वाचल्या, तर अक्षरं वेगळी निघाली. तक्ता दोन बाजूंचा होता. त्या दिवशी तुम्ही दुसरी बाजू पुढे करून तो टांगला होता. तुम्ही काचांच्या पेटीतून मान वर केली नाहीत आणि मी फडक्यातून.

तुम्ही मला पकडलं का नाहीत? ते पोरगं परकं, त्याला सुनावलंत. मला सोडलंत ते मायेने, की तुम्हालाही तुमच्या बहिणीसारखंच वाटत होतं? मी मला हवं ते उत्तर निवडत आले आहे, आणि माझा माझ्या निवडीवर विश्वास नाही.

पहिला चष्मा मी कॉलेजात असताना औरंगाबादला दुसऱ्याच्या दुकानात केला. केजच्या स्टँडवर एसटीतून उतरण्याआधी तो काढून पर्समध्ये ठेवायचे, आणि घरचा रस्ता अंदाजाने चालायचे. नोकरी लागल्यावरही तेच. मग तुम्ही अंबाजोगाईच्या दवाखान्यात होतात, तेव्हाही.

हे पत्र मी टाकणार कुठे? पण एवढं लिहून ठेवते. त्या शेवटच्या दुपारी मी तुमच्या उशाशी बसले होते, चष्मा पर्समध्ये होता, आणि तुम्ही माझ्याकडे बघत होतात की नाही हे मला दिसलं नाही.