सरकार आणि सकाळची अक्षरं

१० जून २००५

बंद म्हणजे काय! संजयने चहा पिता पिता सांगितलं— मुलांचं ते अक्षरांचं चॅनल सरकारी पैशावर चालतं, आणि सरकार आता हात आखडता घेणार. "कार्यक्रम बंदही पडतील, आई." एवढं मोठं अमेरिकेचं सरकार, आणि डोळा कशावर? पोरांच्या एबीसीडीवर!

मला काय त्याचं! मी आपली धाकट्या नातीला, आन्याला, सोबत म्हणून बसते. नेत्रा, हसू नकोस. थोरली ना तू? मी सांगते ते लिही. तुझ्या रविवारच्या मराठी शाळेला तेवढाच सराव.

११ जून

आन्या शेजारी खेळायला गेली. तरी टीव्ही लावला. सुलेखा म्हणाली, "अहो आई, आन्या घरात नाहीये!" सुनेचं सगळीकडे लक्ष! म्हटलं, आल्यावर तिला सांगायला नको, काय झालं ते?

१३ जून

नेत्राने पैज लावली— आजोबांचं नाव घे, आइस्क्रीम देते. नाही घेतलं. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, झालं. ते जाऊन सात वर्षं झाली, तरी जीभ वळत नाही. "दॅट्स सो वीअर्ड, आजी!" असेल! आइस्क्रीम मात्र खाल्लं.

१६ जून

सुलेखाने काँग्रेसमनला, म्हणजे इथल्या खासदाराला, पत्र टाइप केलं— चॅनल वाचवा. म्हटलं, माझंही एक जाऊ दे. सांगितलं, "साहेब, तुम्ही अक्षरं शिकलात म्हणून त्या खुर्चीवर चढलात. आता मागची शिडी काढू नका." सुलेखाने ते इंग्रजीत केलं, घरचा पत्ता घातला आणि अंगठ्यासाठी शाई शोधायला लागली. म्हटलं, राहू दे. खालचं मी बघते.

खोलीचं दार लावून घेतलं. पाकीटही मीच चिकटवलं.

२४ जून

वाचलं! पुष्कळसे पैसे परत दिले म्हणे. शिरा केला. आन्याला वाटलं, तिचा वाढदिवस!

८ जुलै

काँग्रेसमनच्या ऑफिसातून उत्तर आलं. सुलेखा पाकीट घेऊन दारातच थबकली. "आई, हे बाबांच्या नावाने कसं? मिस्टर वामन!"

सही म्हणजे नाव ना? मला एवढं एकच लिहिता येतं. तेच आधी शिकले— तोंडाने नाही घेतलं, हाताने घेतलं.

चॅनल राहिलंय. उद्यापासून माझं शिकते.