पळण्याला सभ्य शब्द

राजुरी, मंगळवार, दिवेलागणीनंतर

आज बिबट्याला पाहून मी पळालो. एकदाचं लिहून टाकलं.

बायको बांधावर वाकून गवत कापत होती. पलीकडच्या उसातून तो बाहेर आला आणि मी थेट डांबरी रस्ता गाठला. तिला हाक न मारता. 'बिबट्या दिसला तर वाकू नका, पळू नका' हे पेपरातून लोकांना शिकवणारा मीच. पळणाऱ्यांची टिंगलही मीच केलेली. पण निदान हाक तरी?

ती ताठ उभी राहिली, ओरडली, विहिरीवरच्या मोटारीच्या लोखंडी पाइपावर विळा बडवत राहिली. तो उसात परतला. मग ती गवताचा भारा डोक्यावर घेऊन सावकाश चालत आली. तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही.

मुलीची इंग्रजी-मराठी डिक्शनरी काढून बसलोय. 'फ्ली' म्हणजे पळणे, निसटणे, पोबारा करणे. 'रिट्रीट' म्हणजे माघार घेणे. हा जरा अब्रूदार वाटला. पण माघार घेणारासुद्धा सोबतच्याला हाक मारतो.

इतक्यात शेजारचे अण्णा चौकशीला आले. "लई वाईट प्रसंग राव. भाऊ, तुमी कुठं व्हता तवा?"

मी पान उलटत राहिलो. बायकोच म्हणाली, "माणसं बोलवायला गेले व्हते."

रस्त्यावर मी कुणालाही बोलावलं नव्हतं. तिला ते ठाऊक आहे.

अण्णा गेल्यावर मी म्हणालो, "उद्या गवताला मीपण येतो."

भाजी चिरता चिरता, मान वर न करता ती म्हणाली, "या. पण पुढं तुमी चालायचं."