तुमचं नाव काढलं, सर

सर, वाचनालयाच्या कथा-पुरस्काराला आता तुमचं नाव नाही. ठराव मागच्या महिन्यात झाला आणि परवा पेंटरनं सभागृहाबाहेरच्या फलकावर तुमच्या नावावरून पांढरा रंग फिरवला. मी तिथंच उभी होते. एका हातात अक्षरं बुजली नाहीत, त्याला दुसरा हात द्यावा लागला. तुम्ही वर्गात सगळ्यांसमोर म्हणायचात, ही पोरगी एक दिवस माझं नाव काढील. ते मी असं काढीन असं तुम्हाला वाटलं नसणार. मलाही वाटलं नव्हतं. मला शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. जिना चढताना कठड्याला धरावं लागतं, आणि खरं सांगायचं तर या सगळ्याचा राग यावा इतकं त्राणही उरलेलं नाही. तरी जे झालं ते तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं, आणि तुमच्या स्वयंपाकघरात बसून भाकरी खाल्लेलं माणूस या गावात आता मी एकटीच उरलेय.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी उशिरा वर्गात आले आणि दारातून म्हणाले, "सर, मी आला." सगळा वर्ग हसला. गावाच्या पूर्व भागातल्या विणकराची मुलगी मी. घरी तेलुगू, गल्लीत तेलुगू, शाळासुद्धा तेलुगू माध्यमाची. तुम्ही हसला नाहीत. तास संपल्यावर म्हणालात, "रविवारी घरी ये. वही आण." त्यानंतरची दोन वर्षं प्रत्येक रविवारी मी तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून निबंध लिहिला आहे. काकू पलीकडे खलबत्त्यात शेंगाचटणी कुटतायत, तुम्ही लाल पेन्सिलीनं माझी लिंगं आणि विभक्त्या दुरुस्त करताय, आणि मधेच काकू म्हणतात, "अहो, पोरीला आधी खाऊ तरी द्या." दुसऱ्या वर्षी तुम्ही मला तुमचा स्वतःचा शब्दकोश दिलात, कापडी बांधणी करून. मी मराठीची शिक्षिका झाले ती त्या पाटावर. हे मी कधी नाकारलं नाही आणि ठरावाच्या सभेतही नाकारलं नाही. एवढं आधी सांगून ठेवते.

त्याच दिवसांत तुम्ही गिरण्या-कारखान्यांच्या संपावर कादंबरी लिहायला घेतली होती. पुरुष तुमच्याशी बोलायचे, बायका बोलत नव्हत्या. "मी नेते तुम्हाला," मी म्हणाले. केवढा अभिमान वाटला होता मला ते म्हणताना. आमच्यापासून तिसऱ्या घरात अक्का राहायची. सगळी गल्ली तिला अक्काच म्हणायची. बिड्या वळायची. डाव्या हाताला तिला सहावं बोट होतं, करंगळीला चिकटून, आणि तेंदूची पानं दुमडताना ते बोट आपोआप बाजूला व्हायचं. तिचं हिरवं दार उघडं होतं. आपण उंबऱ्याजवळ बसलो. ती तेलुगूत बोलत होती, मी मराठी करत होते, तुम्ही वहीत लिहीत होतात.

तासभर ती संपातल्या उपासमारीचं सांगत होती. मग कुणी न विचारता तिनं ते सांगितलं. संप चालू असताना तिच्या सहा वर्षांच्या मुलीला घटसर्प झाला. पोरीचा गळा बंद होत आला होता. कुणाकडे वाहन नाही. शेवटी कारखान्याच्या मॅनेजरनं मोटार काढली आणि दवाखान्याच्या वाटेवर, अर्ध्या रस्त्यात गाडी थांबवून विचारलं, संपाचे पुढारी कुठे लपलेत. पोर मांडीवर निळी पडत होती. अक्कानं दोघांचा पत्ता सांगितला. ते दोघे पकडले गेले आणि नंतर कुठल्याच कारखान्यानं त्यांना दारात उभं केलं नाही. पत्ता कुणी दिला ते गल्लीत तोवर कुणालाच कळलं नव्हतं. अक्कानं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आपल्याला का सांगितलं? कदाचित इतकी वर्षं आत धरून ती दमली असेल, आणि आपण दोघं तिला शिकलेली, निरुपद्रवी माणसं वाटलो असू. सांगताना तिचे हात एकदाही थांबले नाहीत. तुमचा मात्र थांबला, मग पुन्हा भराभर चालू लागला.

कादंबरी आधी इथल्या पेपरात रविवारी-रविवारी आली. आमच्या भागात पुस्तक कुणी विकत घेत नव्हतं, पण पेपर चहाच्या टपरीवर मोठ्यानं वाचला जायचा. तुम्ही नाव बदललं होतंत. सहावं बोट ठेवलं होतंत. हिरवं दारही ठेवलं होतंत. आजारी मुलगी मात्र कुठेच नव्हती. तिच्या जागी मॅनेजरवर जीव जडलेली एक बाई होती, जी त्याच्यासाठी आपल्या माणसांना विकते.

मी त्या रविवारी पेपर घेऊन तुमच्या घरी आले. काकू भाकरी थापत होत्या. मी विचारलं, "सर, तिची मुलगी आजारी होती. मॅनेजरचं असं काही नव्हतं. का लिहिलंत?"

तुम्ही पेपरकडे पाहिलंतसुद्धा नाही. "आजारी मूल घातलं की वाचक रडतो आणि सुटतो," तुम्ही म्हणालात. "मला त्याला सुटू द्यायचं नव्हतं."

"पण लोक तिला ओळखतायत, सर."

"तू अजून गल्लीतच बसलीयस. लिहायचं असेल तर ही भीड आधी सोडावी लागेल. नाहीतर शाळेत शिकव, तेही चांगलंच काम आहे."

काकूंचे हात परातीत थांबले होते. मी जेवले आणि घरी गेले. मी जेवले, सर. त्या दिवशीही जेवले.

त्यानंतर अक्काकडे कुणी पाणी मागायला गेलं नाही. बिडी कारखान्याच्या शाखेत माल द्यायला बायका रांगेत बसायच्या, त्या ती आली की सरकून बसायच्या. नवरा आधी बोलायचा बंद झाला, मग घरी यायचा बंद झाला. एका सकाळी ती मुलीला घेऊन, एक पेटी आणि बिड्यांचं सूप घेऊन, भावाकडे कुर्डुवाडीला निघून गेली. भाऊ तिथं रेल्वेच्या वर्कशॉपात होता. मी खिडकीतून पाहिलं. मुलगी आता दहा वर्षांची, धडधाकट होती, आणि सूप तिच्या डोक्यावर होतं. तुमच्या कादंबरीला त्याच वर्षी मोठं बक्षीस मिळालं. कॉलेजनं सत्कार केला, मी आभार मानले, शुद्ध मराठीत. नंतर तुम्ही गेलात. शोकसभेत तुमच्या नावानं कथा-पुरस्कार सुरू करावा असं मीच सुचवलं. पहिल्या वर्षापासून निवड समितीवर मी आहे. कादंबरी मी वर्गात पंचवीस वर्षं शिकवली आणि त्या प्रकरणाशी आले की मुलांना म्हणायचे, हे घरी वाचा.

यंदा आम्ही एका तरुण मुलीचा कथासंग्रह निवडला. चांगला आहे, तुम्हालाही आवडला असता. कळवल्यावर आठ दिवसांनी तिची आई वाचनालयात आली. पन्नाशीची बाई, एमआयडीसीत टॉवेलांच्या कडा शिवते, केसांत सुताचा भुगा. मला तिनं लगेच ओळखलं. मला वेळ लागला. आम्ही तेलुगूत बोलायला सुरुवात केली, पण टेबलाशी क्लार्क बसला होता, आणि त्यालाही ऐकू जावं म्हणून ती मराठीत बोलू लागली.

"मी भांडायला आले न्हाय मॅडम. पोरीला लई आनंद झालाय. पुरस्कार पायजे की तिला. पण त्या मानसाच्या नावाचा नको."

"तिला माहीत आहे सगळं?"

"परवा सांगितलं. आजवर सांगितलं नव्हतं." मग पिशवीतून अर्ज काढत म्हणाली, "आईनं जे केलं ते माझ्यासाठी केलं. आन पुस्तकात मीच न्हाय. सगळं हाय, आईचं बोट हाय, दार हाय. मीच तेवढी न्हाय."

क्लार्कनं तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. अर्ज ठेवून कामावर गेली, दुसरी पाळी होती तिची.

सभा दोन तास चालली. आमचे अध्यक्ष पूर्वी वकील होते, तुम्ही त्यांना ओळखत नव्हतात. ते म्हणाले, "कादंबरी म्हणजे काही साक्ष नव्हे. असं करत गेलो तर महाराष्ट्रात एकाही पुरस्काराला नाव उरणार नाही." त्यांचं अगदीच चूक होतं असंही नाही. कॉलेजातला एक तरुण प्राध्यापक म्हणाला, "नाव देतो म्हणजे आपण दर वर्षी एकाला हार घालतो. पुस्तक वाचू, शिकवू, पण हार कशाला?" तेही चूक नव्हतं. तुमच्या मुलाला पुण्याला फोन केला होता. तो म्हणाला, "काढायचं तर काढा. फक्त कारण छापू नका. आई असती तर तिनं विरोध केला नसता." हे शेवटचं वाक्य त्यानं का म्हटलं ते मी विचारलं नाही.

मग अध्यक्ष म्हणाले, "मुळात ती बाई हीच होती, आणि लेखकानं खोटं लिहिलं, याला पुरावा काय?" मी म्हणाले, "मी. सरांना तिच्या घरी मी नेलं होतं. तिचं बोलणं मराठीत मी करून दिलं. मॅनेजरशी तिचं काही नव्हतं. मुलगी मरायला टेकली होती, आणि ते सरांना माहीत होतं."

"मॅडम, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलं नाही," मी म्हणाले. हे उत्तर तुमच्या लाल पेन्सिलीतून सुटलं नसतं.

तीन विरुद्ध दोन झालं. तिसरा हात माझा. पुरस्कार आता नुसता वाचनालयाचा कथा-पुरस्कार. पेपरात चार ओळी आल्या, फोनवरच्या ग्रुपमध्ये दोन-तीन दिवस लोकांनी एकमेकांना शिव्या दिल्या, तुमच्या बाजूनं आणि तुमच्या विरुद्ध, आणि त्यातल्या बहुतेकांनी कादंबरी वाचलेली नव्हती. मग गणपतीच्या वर्गणीवरून दुसरा वाद निघाला आणि तुम्ही मागे पडलात. मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. तुमच्यावरचा जीवही कमी झाला नाही, हे त्याहून त्रासाचं. अजून शब्द अडला की मी तुमचाच शब्दकोश काढते.

काल समारंभ झाला. मुलगी छान बोलली, आजीचं नाव घेतलं, तुमचं घेतलं नाही. नंतर तिची आई माझ्याजवळ आली. इस्त्रीची साडी, हातात प्रसादासारखा धरलेला पेढ्यांचा पुडा. माझा हात धरून तेलुगूत बोलली, आणि तिचं बोलणं तुम्हाला मराठीत सांगते, या वेळी पूर्ण सांगते. ती म्हणाली, "तुम्ही बोललात म्हणून झालं. आई शेवटपर्यंत म्हणायची, मी त्या पोरीला बजावलं होतं, हे लिहू नका असं तुझ्या सरांना सांग. तुम्ही सांगितलं असणारच. पण एवढा मोठा माणूस, त्यांनी कशाला ऐकलं असतं?"

मी मान हलवली, सर. हो म्हटल्यासारखी हलवली. तिनं माझ्या हातात पेढा ठेवला.

अक्का खरंच म्हणाली होती. सगळं सांगून झाल्यावर, पान दुमडता दुमडता, खाली बघत. "रायोद्दनी चेप्पु." लिहू नका म्हणून सांग. तुम्ही मान वर करून मला विचारलंत, "काय म्हणतेय?" तुम्ही इतके पुढे झुकून ऐकत होतात, आणि मी गाठ घालून दिलेल्या माणसाचं बोलणं इतकं भराभर लिहून घेत होतात, की वही मिटली जाईल या भीतीनं मी म्हणाले, "काही नाही सर, चहा घेणार का विचारतेय."

ते तुम्हाला कधीच कळलं नाही. कळलं असतं तर तुम्ही थांबला असतात का, हे मला माहीत नाही, आणि आता कुणालाच कळणार नाही. मॅनेजर तुमचा होता, सर. चहा माझा. तुमच्या नावावरचा पांढरा रंग वाळला, आणि त्याच फलकावर खाली समितीत माझं नाव स्वच्छ आहे.

अक्काच्या मुलीचा फोन नंबर अर्जावर आहे. अर्ज माझ्याच कपाटात आहे. तिला हे सांगायला हवं, हे मला कळतं. तरी चार पानं मी तुम्हालाच लिहिली, कारण तुम्ही उत्तर देणार नाही.